नी-कॅपच्या आतली अक्षरं

डाग निघाला तेव्हा मला आनंद झाला होता, हे आधीच सांगून टाकते. नंतर सगळे म्हणायला लागले की मुक्ताबाईंच्या हातून चुकून झालं. चुकून कसलं! मी पाऊण तास त्या डागापाशी बसले होते. दोनदा स्पिरिट लावलं, मधे लिंबू-मीठ चोळलं, आणि तो गेला तेव्हा सुनेला हाक मारून दाखवलं.

आमची लाँड्री बिबवेवाडीत आहे. सासरे होते तोवर धुणं घाटावर व्हायचं. आता चार मशिनं आहेत, मुलगा दत्तप्रसाद टेम्पो चालवतो आणि दुकान सोनाली, माझी सून, बघते. त्या वर्षी बालेवाडीला मुलींच्या व्हॉलीबॉलची मोठी स्पर्धा भरली होती. आठ देशांचे संघ आले होते. त्यातल्या चार संघांचे कपडे आमच्याकडे यायचे. संध्याकाळी सामने संपले की दत्तू पिशव्या घेऊन यायचा आणि सकाळी सातच्या आत धुतलेले कपडे परत पोचवायचा.

सोनालीनं कामं वाटून दिली होती. सदरे, चड्ड्या, मोजे मशिनात. नी-कॅप माझ्याकडे. नी-कॅप म्हणजे गुडघ्यावर चढवायची जाड पट्टी, पुढून कापसाच्या उशीसारखी आणि मागून ताणणारी. मुली खेळताना जमिनीवर पडतात, तेव्हा गुडघे फुटू नयेत म्हणून. ती मशिनात घातली की ढिली पडते, उन्हात टाकली तर कडक होते. कोमट पाण्यात सोडा टाकून हातानंच धुवावी लागते, आणि पंख्याखाली सावलीत वाळवावी लागते. वासाचं मात्र विचारू नका. चार देशांचा घाम, पण वास एकच.

तिसऱ्या दिवशी श्रीलंकेच्या पिशवीतून सहा नंबरची जोडी पहिल्यांदाच आली. पांढरी, जुनी, वापरून पिवळट झालेली. वरच्या पट्टीवर बाहेरून सहाचा आकडा होता. आकड्याला मी हात लावला नाही. आमच्या धंद्यात एक गोष्ट लहानपणापासून शिकवतात, की कपड्यावरची खूण घालवायची नाही. पूर्वी बिब्ब्यानं खुणा करायचे. एका घराच्या कपड्यांना दोन ठिपके, दुसऱ्याला ठिपका आणि आडवी रेघ. माझ्या सासूबाईंना एक अक्षर येत नव्हतं, पण दीडशे घरांच्या खुणा पाठ होत्या. कपडा फाटला तर गिऱ्हाईक बोलून मोकळं होतं. खूण गेली तर कपडा कुणाचाच राहत नाही, असं त्या म्हणायच्या.

तर आकडा तसाच ठेवला. मग उजव्या पायाची कॅप धुण्यासाठी उलटी केली, तेव्हा आतल्या बाजूला निळसर डाग दिसला. बोटभर रुंद आणि चार बोटं लांब. गोलगोल वेटोळी, जिलबीच्या घाण्यात पहिली जिलबी बिघडते तशी. पिशवीत पेन फुटलं असणार आणि शाई आत झिरपली असणार, असं मला वाटलं. गुडघ्याला शाई लागत असेल बिचारीच्या. मी बसले पाट घेऊन.

"अहो आई, राहू द्या ना," सोनाली म्हणाली. "आतला डाग आहे, कोण बघतंय?"

"मी बघतेय," मी म्हटलं.

सकाळी सातला कपडे पोचले. साडेनऊला दुकानातला फोन वाजला. सोनालीचे हात ओले होते, म्हणून तिनं तो स्पीकरवर टाकला.

"मी उत्कर्षा बोलतेय, श्रीलंकेच्या टीमबरोबर असते मी," पलीकडून आवाज आला. "तुमची लाँड्री फारच स्वच्छ धुते हो. म्हटलं, कौतुक करावं."

सोनाली हसणार होती, ती थांबली. पुण्यात कुणी सकाळी साडेनऊला फोन करून कौतुक करत नाही.

"काय झालं मॅडम?"

"सहा नंबरच्या नी-कॅपच्या आत दोन शब्द लिहिले होते. ते आता तिथं नाहीत. तिला शाळेत व्हॉलीबॉल शिकवणाऱ्या बाईंनी स्वतःच्या हातानं लिहून दिले होते. त्या बाई मागच्या वर्षी वारल्या. त्यांच्या हातचं पोरीकडे तेवढंच होतं. रोज ती स्वतः बेसिनमध्ये धुते, कुणाला हात लावू देत नाही. काल पाच सेट खेळून आली आणि मेल्यासारखी झोपली. खोलीतल्या दुसऱ्या मुलीनं चांगुलपणानं पिशवीत टाकली. चांगुलपणा फार महाग पडतो कधीकधी."

सोनालीनं फोनवर हात ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. मी इस्त्रीच्या टेबलाला धरून उभी होते.

"आई, मी सांगते मशिनात गेली म्हणून," ती हळू आवाजात म्हणाली. "शाई होती, पाण्यानं गेली. होतं असं."

"पाण्यानं जाणारी शाई नव्हती ती."

"त्यांना कुठे कळतंय?"

"मला कळतंय ना," मी म्हटलं. "दत्तूला गाडी काढायला सांग."

"आणि तिथं जाऊन काय करणार? पाया पडणार?"

"पडायची तयारी आहे. गुडघे साथ देतील का, ते बघू."

सोनालीनं फोनवरचा हात काढला आणि म्हणाली, "मॅडम, आई येतायत तिकडे." मग उत्कर्षाताई म्हणाल्या, "चारला सामना आहे. सेमी-फायनल. त्याआधी या म्हणजे झालं."

बिबवेवाडीहून बालेवाडीला जायला सव्वा तास लागला. दत्तू मधून मधून माझ्याकडे बघत होता. चांदणी चौकात गाडी अडकली, तेव्हा समोर दुकानांच्या पाट्याच पाट्या होत्या. मी त्या वाचत बसले. मला अक्षरं चोपन्नाव्या वर्षी आली, महापालिकेच्या शाळेत दुपारी बायकांचा वर्ग भरायचा तिथं. त्याआधी पाट्या मला कशा दिसायच्या, ते मला अजून आठवतं. फळ्यावर काहीतरी सांडून ओघळावं आणि ते तसंच वाळावं, तशा. आता त्या तशा बघू म्हटलं तरी दिसत नाहीत. एकदा आलेलं अक्षर परत डाग होत नाही. म्हणून मी विसरले होते, की ज्याला ते येत नाही त्याला ते डागच असतं. लंकेची अक्षरं मी जन्मात पाहिली नव्हती. आपल्यासारखी त्यांना वर रेघ नसते, हेही मला त्या दिवशीच कळलं.

मुलींना उतरवलं होतं ते वसतिगृह मैदानापासून जवळच होतं. उत्कर्षाताई फाटकापाशीच उभ्या होत्या. चाळिशीच्या आतल्या, उंच, गळ्यात ओळखपत्र. बँकेत नोकरी करतात, पूर्वी विद्यापीठाकडून खेळायच्या, आणि स्पर्धेसाठी रजा काढून या संघाचं सगळं बघत होत्या. राहायला शनिवार पेठेत.

"या मावशी," त्या म्हणाल्या. "डाग काढणाऱ्या तुम्हीच का?"

"मीच."

"हुशार आहात. अहो, दोन वर्षं घामानं गेलं नव्हतं ते."

सहा नंबरची मुलगी पहिल्या मजल्यावर जिन्याशेजारच्या बाकावर बसली होती. नाव नीलुका. बाकीच्या मुली ताडासारख्या होत्या, ही त्यांच्या खांद्याएवढी. उत्कर्षाताईंनी मला समजावलं, की ही लिबेरो. वेगळ्या रंगाचा सदरा घालून मागे खेळते, उडी मारून चेंडू मारायचा नाही, फक्त पडणारा चेंडू जमिनीला लागायच्या आत उचलायचा. म्हणजे संघात सगळ्यात जास्त वेळा पडणारी हीच. कॅप तिच्या मांडीवर होती. आतली बाजू वर केलेली, स्वच्छ.

मला बघून ती उभी राहिली आणि इंग्रजीत काहीतरी म्हणाली. तेवढं मलाही कळलं. असू दे, असू दे, असं म्हणत होती.

"तिला सांगा," मी उत्कर्षाताईंना म्हटलं, "मशिनानं गेलं नाही. पाण्यानंही नाही. मी घालवलं. मला ते डाग वाटले."

"असंच सांगू?"

"असंच."

त्यांनी सांगितलं. नीलुकानं ऐकून घेतलं. तिचे डोळे सुजलेले होते, पण ती माझ्यासमोर रडली नाही. मग तिनं एक प्रश्न विचारला आणि उत्कर्षाताईंच्या भुवया वर गेल्या.

"ती विचारतेय, कसं काढलंत? ती म्हणते, हे कशानंच निघत नाही असं पेन बाईंनी मुद्दाम आणलं होतं."

मी सगळं सांगितलं. स्पिरिट, कापसाचा बोळा, लिंबू, मीठ, पुन्हा स्पिरिट.

"दोनदा?" नीलुकानं दोन बोटं दाखवली.

"दोनदा," मीही दोन बोटं दाखवली.

तिनं मान हलवली. रागावलेली दिसत नव्हती, थकलेली दिसत होती. मग तिनं उत्कर्षाताईंना सांगायला सुरुवात केली आणि त्या मला सांगत गेल्या. समुद्राकाठचं गाव. शाळेमागच्या वाळूत दोन माडांना जाळी बांधून बाई मुलींना शिकवायच्या. चेंडू चुकला की मुलगी खट्टू होऊन उभी राहायची, तेवढ्यात दुसरा येऊन तिच्या अंगावर आदळायचा. मग बाई ओरडायच्या, पुढचा चेंडू! शिव्या नाहीत, मारणं नाही, फक्त पुढचा चेंडू. नीलुका देशाच्या संघात निवडली गेली तेव्हा बाई दवाखान्यात होत्या. तिथं पलंगावर बसून त्यांनी कॅपच्या आत ते दोन शब्द लिहिले. पुढचा, आणि चेंडू.

"आतल्या बाजूनं का?" मी विचारलं.

"बाई म्हणाल्या, लोकांना दाखवायला नाहीये हे. तू पडशील तेव्हा तुझ्या गुडघ्याला कळलं म्हणजे झालं."

त्यामुळे फोटो नव्हता. बाहेरून काढलेले शंभर फोटो होते, आतला एकही नाही. उत्कर्षाताई म्हणाल्या, तू लिहून दे, आपण तसं पुन्हा लिहू, हवं तर मावशी शिवून देतील. नीलुकानं मान हलवली. शब्द मला येतात, ती म्हणाली. हात बाईंचा होता.

खाली अंगणात दुसऱ्या कुठल्या संघाच्या मुली चेंडू भिंतीवर मारत होत्या, त्याचा ठप ठप आवाज येत होता.

मी कॅपकडे बघत होते. म्हटलं, "तिला सांगा, डाग कधी पूर्ण जात नाही. गिऱ्हाइकाला आम्ही सांगतो गेला म्हणून. त्याला दिसत नाही एवढाच त्याचा अर्थ. मला ती तीनपर्यंत देईल का? अक्षर परत आणून देते असं म्हणत नाही. बघते म्हणतेय."

उत्कर्षाताईंनी सांगितलं. नीलुका माझ्या तोंडाकडे बघत राहिली. तिची संघाबरोबर बैठक होती, खालून कुणीतरी तिला हाका मारत होतं. तिनं कॅप एकदा घट्ट धरली, आणि मग दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली. मी घेतली, पण तिनं लगेच सोडली नाही. दोघींच्या हातात ती जरा वेळ ताणून राहिली.

जिन्याच्या वळणावर मोठी खिडकी होती आणि ऊन आत येत होतं. तिथं मी खुर्ची मागितली आणि तांब्याभर पाणी मागितलं. सुई-दोरा माझ्या कनवटीच्या पिशवीत कायम असतो, लोकांची बटणं तुटतात म्हणून. लाल दोरा, आमचा खुणेचा.

कोरड्या कॅपवर काही दिसत नव्हतं. भिजवली तरी दिसलं नाही. पण कापड वाळत येताना बघायचं असतं, हे आम्हाला ठाऊक असतं. जिथं शाई मुरलेली होती तिथं पाणी नीट धरत नाही, त्यामुळे तेवढी जागा आधी वाळते. कॅप पिळून मी खिडकीशी तिरकी धरली आणि थांबले. पाच मिनिटांनी एक रेघ दिसली. केसाएवढी, आजूबाजूपेक्षा जरा फिकी. मग तिचं वेटोळं दिसलं. मग सगळंच वाळलं आणि पुन्हा काही नाही. म्हणजे दर खेपेला मला दोन-तीन मिनिटं मिळणार होती. तेवढ्यात चार टाके घालायचे, पुन्हा भिजवायचं, पुन्हा थांबायचं.

पहिले टाके मी नेहमीसारखे घट्ट घातले. कॅप ताणून बघितली तर दोरा तटकन तुटला. बरोबरच होतं. ही गोष्ट गुडघ्यावर ताणली जाणार, वाकल्यावर आणखी ताणली जाणार. टाके तिच्या ताणलेल्या मापानं हवे होते. मी तांब्यावर चढवून बघितली, तांब्याला गुडघ्यासारखी वाटी नसते. खुर्चीच्या पायावर बघितली, तो चौकोनी. शेवटी इकडे-तिकडे बघितलं, लुगडं गुडघ्यापर्यंत घेतलं आणि कॅप उलटी करून माझ्याच पायात चढवली.

नेमक्या उत्कर्षाताई चहा घेऊन आल्या. जिन्यात थबकल्या.

"मावशी," त्या म्हणाल्या, "संघात जागा नाहीये हो. आधीच बारा झाल्यात."

"हसू नका. आडोसा धरा. माणसं येतायत जिन्यातून."

त्यांनी चहा खाली ठेवला आणि मुलींची मोठी फाईल उघडून माझ्यापुढे धरून उभ्या राहिल्या. वर जाणाऱ्या दोन पंचांनी विचारलं, काय चाललंय? ताई म्हणाल्या, फिटनेस टेस्ट.

मी पाय वाकवून शिवायची, पाय सरळ करून बघायची. सुई दोनदा गुडघ्याला टोचली. पण आता टाके तुटत नव्हते. पहिलं अक्षर झालं, मग दुसरं सुरू झालं. ताईंना राहवेना. त्यांनी मोबाईलवर लंकेच्या लिपीत तो शब्द काढला आणि माझ्यापुढे धरला.

"हे बघा, हे असं असतं. हे बघून भराभर होईल."

मी बघितलं आणि मान फिरवली. "बंद करा ते. ते छापील आहे. बाईंची ही रेघ इथं खाली उतरताना मधेच थांबलीय. दवाखान्यात लिहिलंय ना, हात थरथरला असेल. आणि ही शेपूट बघा, केवढी लांब. मोबाईलमध्ये आहे का अशी?"

ताईंनी फोन जवळ नेला, लांब नेला. "नाहीये."

"मला अक्षर माहीत झालं तर मी ते सरळ करीन. नका दाखवू."

लिहिता येणारा माणूस दुसऱ्याचं अक्षर बघताना आपलंच अक्षर बघतो. मला नुसती रेघ दिसत होती. ती जिकडे गेली तिकडे मी गेले. हात थरथरला होता तिथं मी थरथरणारेच टाके घातले. दोन वाजता पहिला शब्द पुरा झाला.

दुसरा शब्द मात्र मिळाला नाही. सहा वेळा भिजवलं, सहा वेळा वाळवलं. त्या टोकाला मी आदल्या दिवशी सगळ्यात जास्त घासलं होतं. शाई तिथं जास्त दाट होती आणि मला तिचा राग आला होता. एक ठिपका दिसला आणि शेवटचं एक वळण दिसलं, तेवढंच. मधे काही नाही.

"मावशी, एवढं तरी मोबाईलवर बघून करा," ताई म्हणाल्या. त्या आता खालच्या पायरीवर बसल्या होत्या, त्यांचाही चहा गार झाला होता. "पहिला शब्द झालाय, वळण कळलंय तुम्हाला बाईंचं. कुणाला कळणार आहे?"

"सकाळपासून हे दुसऱ्यांदा ऐकतेय मी."

"पहिलं कोण म्हणालं?"

"सून."

"सून हुशार आहे."

"आहेच," मी म्हटलं. "पण ते माझं अक्षर होईल. बाईंचं म्हणून पोरगी ते घालून पडत राहील. नको."

मी ठिपक्याचे दोन टाके आणि वळणाचे तीन टाके घातले. गाठ बाहेरच्या बाजूनं मारली, म्हणजे आत टोचायला नको. मधली जागा रिकामी ठेवली.

तीन वाजता मुली खाली गाडीपाशी जमत होत्या. सगळ्या एका रंगात, नीलुका तेवढी पिवळ्या सदऱ्यात. तिच्या डाव्या गुडघ्यावर कॅप होती, उजवा गुडघा उघडा होता. दुसरी कुठली कॅप तिनं घातली नव्हती. मी तिला कॅप दिली. तिनं ती उलटी केली आणि उन्हात धरली.

मला तिचं तोंड दिसत नव्हतं, मान खाली होती. तिनं अंगठा त्या टाक्यांवरून फिरवला, सावकाश, डावीकडून उजवीकडे. जिथं रेघ थांबली होती तिथं अंगठाही थांबला. मग ओठांतल्या ओठांत ती म्हणाली, "ईळंग."

"पुढचा," उत्कर्षाताई म्हणाल्या.

नीलुकाचा अंगठा रिकाम्या जागेवर आला. तिनं माझ्याकडे बघितलं.

"ते मिळालं नाही," मी म्हटलं. "ते मी घालवलं. तिथं मी काही केलेलं नाही."

ताईंनी सांगितलं. मग स्वतःच्या पदरचं इंग्रजीत आणखी काही जोडलं. नीलुका एकदम हसली, आणि हसता हसता तिला रडू आलं. तिनं बाहीनं डोळे पुसले.

"काय सांगितलंत?" मी विचारलं.

"म्हटलं, चेंडू आयोजक देतील."

नीलुका वाकली आणि कॅप उजव्या पायात चढवली, अक्षरं आत. दोन-तीनदा गुडघा वाकवून बघितला. मग माझ्याजवळ येऊन हात जोडले आणि म्हणाली, "आच्ची, चेंडू मला पाठ आहे." एवढं ताईंनी मराठीत सांगितलं. आच्ची म्हणजे आजी. गाडीनं भोंगा दिला आणि ती धावत गेली.

ताईंनी मला आणि दत्तूला आत नेलं आणि स्वयंसेवकांच्या बाकांवर बसवलं. समोर उझबेकिस्तानचा संघ होता, गोऱ्यापान, धिप्पाड मुली. मी आयुष्यात कधी सामना पाहिला नव्हता. खेळ कळायला वेळ लागला नाही. आपल्या बाजूला चेंडू पडू द्यायचा नाही, बास. दत्तू सगळीकडे बघत होता आणि टाळ्या वाजवत होता. मी एका गुडघ्याकडे बघत होते.

ती पडायची म्हणजे काय पडायची! दोन्ही गुडघे टेकून घसरत जायची आणि हात चेंडूखाली घालायची. दर वेळी मला वाटायचं, आता दोरा तुटला. पहिला सेट त्या हरल्या. दुसरा जिंकल्या, तेव्हा दत्तू बाकावर उभा राहिला. तिसरा हरल्या.

चौथ्यात चोवीस-तेवीस झालं, समोरच्यांना एकच गुण हवा होता. नीलुका पडली आणि चेंडू उचलला, त्यावरून गुण मिळाला. चोवीस-चोवीस. पुढच्याच खेपेला चेंडू तिच्या हातांवर आला, सोपा वाटला मला, आणि तो उडून थेट प्रेक्षकांत गेला. सगळं सभागृह ओरडलं. तिच्या दोन्ही बाजूच्या मुली कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. ती नाही राहिली. तिनं उजव्या गुडघ्यावर तळहात ठेवला, एक क्षण, आणि पुन्हा वाकून तयार झाली. चेहऱ्यावर मघाची चूक नव्हती.

मग माझ्या लक्षात आलं, की ती दर चुकीनंतर हे करत होती. मी दोरा बघत बसले होते, म्हणून हात मला दिसला नव्हता.

त्या सामना हरल्या. सव्वीस-चोवीस. जाळीखालून हात मिळवले, एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. नीलुकाही रडली. तिनं वर आमच्याकडे बघितलं नाही, आणि बघायचं काही कारणही नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या नंबरासाठी त्यांना पुन्हा खेळायचं होतं. ताई म्हणाल्या, "चला मावशी, तुमचं काम संपलं. आमचं आहे."

"आमचंही आहे," मी म्हटलं. "पिशव्या द्या."

घरी पोचलो तेव्हा साडेसात झाले होते. सोनालीनं पिशव्या ओतल्या आणि यादी करायला घेतली. दत्तूनं तिला फोनवर सगळं सांगितलं असणार. श्रीलंकेची पिशवी तिनं दोनदा मोजली.

"आई, सहा नंबरची एकच आलीय. डावी. उजवी नाहीये. राहिली असेल त्यांच्याकडे. फोन करू का मॅडमना?"

"नको," मी म्हटलं. "बरोबर आहे ते. एकच लिही."

तिनं लिहिलं. मी कोमट पाण्यात सोडा टाकला. ती एकटी कॅप उलटी केली, दिव्याखाली नेली आणि आतून सगळीकडे फिरवून बघितली. आत काही नव्हतं. मग ती भिजत घातली.